शिंदळ माकुडी : कड्यावरील फूल परसात

एप्रिल-मे महिन्यांत दुष्काळी पट्ट्यातील एखाद्या वाडीवर गेले असता अंगणातील तुळस तेवढी हिरवी दिसते. तीही घरच्या बाईने आपल्या वाट्याचे तांब्याभर पाणी तिला घातलेले असते म्हणून. पावसाळ्यात हौसेने लावलेली जास्वंद, अबोली, मोगरा ह्यांच्या तोवर काटक्या झालेल्या असतात. जेथे टँकर दोन दिवसांआड येतो आणि हंड्यांची रांग पहाटेपासून लागते, तेथे "फुलझाडांस नियमित पाणी द्यावे" असे सांगण्यास कोणाही कृषि अधिकाऱ्याची जीभ रेटणार नाही. तरीही महिला मंडळाच्या बैठकीत एक प्रश्न हटकून निघतो : "आमच्या दारात उन्हाळ्यात मरणार नाही असे एखादे फुलझाड सांगा." ह्या प्रश्नास उत्तर देताना आपण बहुधा बोगनवेल किंवा सदाफुली ह्यांची नावे घेऊन मोकळे होतो. त्यांत गैर काही नाही. पण बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली आणि सदाफुली मादागास्कर बेटावरची. आपल्या घरच्या डोंगरात असे एखादे झाड असेल, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही.

असे एक झाड आहे. शिंदळ माकुडी हे त्याचे नाव. नावाचा पूर्वार्ध चारचौघांत उच्चारण्याजोगा नाही, ही गोष्ट खरी. परंतु नाव ठेवणारे आपण, झाडाकडे त्याचा दोष जात नाही.

आरंभीच एक खुलासा करणे इष्ट होईल. हे पीक नव्हे. ह्यापासून पैसा मिळणार नाही, आणि कोणी औषधी गुणांची भुरळ घालून रोपे विकू लागल्यास त्याच्या नादी लागू नये. मग ह्या पत्रिकेची पाने ह्या झाडावर का खर्चावयाची? एक तर, उन्हाळ्याचे चार-पाच महिने जवळजवळ पाण्यावाचून काढणारे ते फुलझाड आहे. दुसरे असे की, महाराष्ट्राबाहेर ते नैसर्गिक अवस्थेत आढळत नाही, आणि महाराष्ट्रातही मोजक्याच डोंगरकड्यांवर ते शिल्लक उरले आहे.

ओळख

शिंदळ माकुडी ही रुईच्या कुळातील. खरचुडी, हरणदोडी व माकडशिंग ही तिची भावंडे होत. माळरानावरचे माकडशिंग पुष्कळांच्या परिचयाचे असेल. काही ठिकाणी त्याची भाजीही करतात. त्याची खोडे चौधारी असून त्यांवर पाने जवळजवळ नसतातच. शिंदळ माकुडीचे खोड मात्र गोल, करंगळीएवढे जाड, राखट हिरवे व मांसल असते. ते ताठ उभे राहत नाही. दगडाच्या कपारीतून बाहेर पडून ते खाली लोंबते किंवा खडकावर पसरते, आणि त्याला फांद्या फुटून लहानसे झुडूप तयार होते. पावसाळ्यात त्यावर जाडसर, लंबगोल, गुळगुळीत पाने येतात. पावसाळा संपल्यावर ती पिवळी पडून गळतात, आणि पुढचा पाऊस येईपर्यंत नुसती खोडे राहतात. त्या अवस्थेत नवखा मनुष्य त्यास वाळलेले समजून पुढे निघून जाईल.

फुले साधारणतः ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत येतात. फूल रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे लहान, पाच पाकळ्यांचे, चांदणीच्या आकाराचे असते. रंग गडद किरमिजी, त्यावर पिवळे ठिपके, आणि पाकळ्यांच्या कडांना बारीक केसांची झालर. रंगाने ते इतके उठून दिसते की, प्रथम पाहणाऱ्यास ते खरे न वाटावे. वासाच्या बाबतीत मात्र कौतुक करता येत नाही. ह्या फुलाचे परागीभवन माश्या करतात, आणि माश्यांना बोलवावयाचे तर सुगंध कामाचा नाही. नाक अगदी जवळ नेल्याखेरीज तो वास जाणवत नाही, एवढे सांगून हा विषय संपवितो.

मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक निकोल डालझेल ह्यांनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८६० नंतरच्या दशकात, ह्या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्या नावावरून तिला 'फ्रेरिया इंडिका' हे नाव मिळाले. अलीकडील ग्रंथांत तिला 'बुसेरोसिया फ्रेरेई' म्हणतात. रोपवाटिकांच्या पाट्यांवर मात्र अजून जुनेच नाव चालते. जुन्नरचा शिवनेरी, पुरंदरलगतचा वज्रगड, साताऱ्याजवळचा सज्जनगड ही तिची प्रसिद्ध ठिकाणे. किल्ल्यांची ही नावे पाहता कोणासही वाटेल की तिला किल्ल्यांचे वेड आहे. वस्तुस्थिती साधी आहे. जेथे शत्रूला चढता येऊ नये असा कडा आहे, तेथे शेळीलाही चढता येत नाही आणि कोयतेवाल्यालाही नाही. म्हणून ती तेथे उरली.

पाने असताना एक, पाने गेल्यावर दुसरे

ह्या झाडाची लागवड समजून घ्यावयाची तर त्याचा एक विशेष आधी ध्यानात घेतला पाहिजे. माझी स्वतःची पहिली तीन रोपे हा विशेष ठाऊक नसल्यामुळेच कुजून गेली.

कोणतीही वनस्पती पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून हवा आत घेते आणि त्याच वाटेने तिच्या अंगातील पाणी वाफ होऊन बाहेर जाते. गहू, भात, सोयाबीन ही पिके ही छिद्रे दिवसा उघडतात. उन्हात काम चांगले चालते, पण पाण्याचा खर्चही भरपूर होतो. निवडुंग, घायपात, अननस ह्यांची रीत उलटी. ती दिवसा छिद्रे मिटून बसतात आणि रात्री गारव्यात उघडतात. हवेतील कर्बवायू रात्री घेऊन आम्लाच्या रूपाने साठवावयाचा आणि दिवसा दारे बंद ठेवून सूर्यप्रकाशात त्यापासून अन्न बनवावयाचे, असा हा व्यवहार आहे. वाढ मंद होते, परंतु पाणी वाचते.

शिंदळ माकुडी ह्या दोन्ही रीती एकाच अंगात बाळगते. लांगे व झुबर ह्या शास्त्रज्ञांनी १९७७ साली दाखवून दिले की, तिची पाने गहू-भाताच्या रीतीने चालतात आणि खोड निवडुंगाच्या रीतीने. पावसाळ्यात पाणी मुबलक असते, तेव्हा पाने काढून ती झपाट्याने कमाई करून घेते. पाऊस सरला की खर्चिक पाने टाकून देते, आणि काटकसरी खोडावर उन्हाळा काढते. चांगल्या सालात चार बैल ठेवून वाईट सालात दोन विकणाऱ्या शेतकऱ्यास हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

ह्यावरून पाण्याचा नियम आपोआप निघतो. झाडावर पाने आहेत तोवर पाणी चालते. पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडावे. पाने गळाली म्हणजे झाड तहानलेले आहे असे समजून आपण नेमके त्याच वेळी जास्त पाणी घालतो. खोडाला ते पचत नाही, आणि बुडाशी काळी कूज सुरू होते. माझी तीन रोपे जानेवारी महिन्यात, रोज सकाळी मी प्रेमाने घातलेल्या पाण्याने मेली.

हे मला प्रयोगशाळेच्या आधी एका शेतकऱ्याने सांगितले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. जुन्नर भागात कांदा पिकाच्या पाहणीसाठी फिरत असता एका डोंगरपायथ्याच्या शेतात दगडी तालीतून ओळखीची खोडे लोंबताना दिसली. मी थबकलो. शेताचे मालक सत्तरीच्या पुढचे. त्यांना विचारले, "आबा, हे इथे कसे?"

"वडिलांनी खोचलंय," ते म्हणाले. "दरड पडली व्हती, तिच्याबरूबर खाली आलं. म्हातारा म्हनला, एवढं वरनं आलंय तर टाकायचं कशाला. दगडात खोचलं, तवापासनं हाय."

"पाणी कधी घालता?"

"पानी?" आबा हसले. "साहेब, पोराच्या बायकोनं एका साली घातलं दोन-चार तांबे, तर ह्यो खालचा सगळा भाग सडून गेला. त्याला पावसाचं तेवढं पुरं हाय. वर आपन जाऊन लुडबुड केली की ते रागावतं."

शास्त्रीय भाषेत ह्यापेक्षा अधिक काही सांगता येईलसे वाटत नाही.

फाटा कोठून आणावा

लागवडीची माहिती देण्यापूर्वी हा प्रश्न घेतो, कारण सर्व अनर्थ येथेच होतो. लेख वाचून कोणी उत्साही मनुष्य किल्ल्यावर गेला आणि कड्यावरून झुडूप उपटून आला, तर हा लेख न लिहिलेला बरा.

सुट्टीच्या दिवशी एका किल्ल्याच्या वाटेवर ताडपत्रीवर मांडलेली अशी उपटलेली झुडपे मी स्वतः पाहिली आहेत. मुळांना कड्यावरची माती तशीच होती. विकणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. घेणारे मोटारीतून आलेले होते. त्या झुडपांपैकी बहुतेक काळ्या मातीच्या कुंडीत लावली गेली असतील आणि महिन्या-दोन महिन्यांत कुजली असतील. म्हणजे कड्यावरूनही गेली आणि घरीही राहिली नाहीत. २०२५ साली शिवनेरीसह १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. ही गोष्ट अभिमानाचीच आहे. पण किल्ल्यांवर येणाऱ्यांची वर्दळ ह्यापुढे वाढतीच राहणार, हेही उघड आहे. त्यातल्या त्यात समाधान इतकेच की, शिवजयंतीची मोठी गर्दी फेब्रुवारीत होते आणि त्या वेळी हे झाड पानाफुलांवाचून असल्याने सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही.

शिवनेरी हा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील किल्ला आहे, आणि राखीव जंगलातून परवानगीवाचून झाड आणणे हा १९२७ च्या वन कायद्यानुसार गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी उपटण्याची गरज कोणतीच नाही. ह्या झाडाचा चार बोटे लांबीचा फाटा सहज मूळ धरतो. वनस्पतिउद्यानांत आणि अशा झाडांचा छंद असणाऱ्यांच्या घरी आता ते पुष्कळ ठिकाणी वाढविले जाते. कित्येक महाविद्यालयांच्या बागांतही असते. अशा एका झाडाची छाटणी केली की दहा घरांना पुरेल इतके बेणे मिळते, आणि मूळ झाड अधिकच फुटते. विकत घ्यावयाचे झाल्यास रोपवाटिकेत आधी विचारावे की, हे कुंडीत फाट्यापासून केलेले आहे काय. जाड, वेड्यावाकड्या, जखमा असलेल्या खोडाचे जुने झुडूप नव्या कुंडीत दिसले तर ते घेऊ नये. गिऱ्हाईक नाही म्हटले की उपटणेही थांबते.

लागवड

फाटा मे महिन्याच्या अखेरीस किंवा मृगाच्या आगेमागे घ्यावा. धारदार, स्वच्छ पात्याने आठ ते दहा सेंटिमीटरचा तुकडा कापावा, आणि तो लगेच मातीत न खोचता सावलीत, वारा लागेल अशा जागी पाच-सात दिवस तसाच ठेवावा. कापलेल्या तोंडाला खपली धरली पाहिजे. उसाचे टिपरे किंवा गुलाबाची काडी लावण्याची सवय असलेल्यांस हे विपरीत वाटते. तुकडा सुकून जाईल अशी भीती वाटते. तो सुकत नाही. त्याच्या पोटात पाणी असते. ओल्या तोंडाने लावलेला तुकडा मात्र सडतो.

कुंडी मातीची, पसरट, खाली मोठे भोक असलेली घ्यावी. तीत एक भाग जाड वाळू, एक भाग बारीक मुरूम किंवा विटांचे तुकडे आणि एक भाग पूर्ण कुजलेले पालापाचोळ्याचे खत असे मिश्रण भरावे. वाटीभर पाणी ओतले असता ते वर न थांबता खाली निथळून गेले पाहिजे. थांबले तर वाळू आणखी घालावी. फाटा दोन-तीन सेंटिमीटर खोल खोचून लहान दगडाचा टेकू द्यावा. पहिला आठवडा पाणी नको. नंतर चार-पाच दिवसांनी एकदा थोडे. माझ्याकडे साधारण महिन्याभरात फाट्यांनी मूळ धरले. हलक्या हाताने ओढून पाहिले असता फाटा हलला नाही तर मूळ धरले असे समजावे. पण हे रोज ओढून पाहू नये. फुले बहुधा पुढच्या पावसाळ्यात दिसतात.

कुंडीपेक्षाही मला तालीची जागा अधिक पसंत आहे. आपल्या डोंगराळ भागात शेताच्या व घराच्या कडेला चुन्यावाचून रचलेल्या दगडी ताली आणि पौळी असतातच. त्यांच्या दगडांतील फटी म्हणजे ह्या झाडाचा लहानसा कडाच होय. पाणी थांबत नाही, मुळे गार राहतात, आणि खोडाला लोंबावयास जागा मिळते. कमरेच्या उंचीवरील एखादी फट निवडून तीत वरील मिश्रणाच्या दोन मुठी ठासाव्यात आणि मूळ धरलेला फाटा बसवावा. तालीचे तोंड पूर्वेस असल्यास उत्तम : सकाळचे ऊन मिळते, आणि दुपारनंतर सावली येते. पश्चिमेच्या तोंडास उन्हाळ्यात दगड फार तापतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर, जेथे पाऊस चार-चार दिवस उघडत नाही, तेथे कुंडी वळचणीच्या आत ठेवावी, म्हणजे थेट धार बसणार नाही. काळ्या जमिनीत मात्र हे झाड कदापि लावू नये. कितीही निचरा केला तरी ती ओल धरून ठेवते.

शेणखत, युरिया, किंवा हल्ली बाटलीतून मिळणारी टॉनिके ह्यांपैकी कशाचीही गरज नाही. खताने खोड जाडजूड व पाणीदार होते, दिसावयास छान दिसते, आणि पहिल्याच झडीत सडते. दर वर्षी जूनमध्ये मूठभर जुने पालाखत पुरे.

दिवाळीच्या सुमारास पाने गळू लागली की पाणी कमी करीत जाऊन बंद करावे. तालीतील झाडास पुढे काहीच लागत नाही. कुंडीतील झाडास मुळांना जागा थोडी असल्याकारणाने उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी एकदा अर्धी वाटी पाणी द्यावे, तेही संध्याकाळी. खोडावर किंचित सुरकुत्या पडणे हे नेहमीचेच आहे, त्याने घाबरू नये. खोड मऊ, पारदर्शक किंवा बुडाशी काळे झाले तर मात्र वेळ घालवू नये. निरोगी हिरव्या भागापर्यंत वर कापून, तो भाग पुन्हा सुकवून नवा फाटा म्हणून लावावा. अशा रीतीने मेलेले झाड वाचविता येते.

कीड फारशी नाही. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यांत दिसला तर साबणाच्या पाण्यात बुडविलेल्या कापसाने पुसून काढावा. पावसाळ्यात कधी कधी काळे-पांढरे पट्टे व पिवळे ठिपके असलेले सुरवंट पाने खाताना आढळतात. हे रुईवर वाढणाऱ्या फुलपाखराचे सुरवंट होत. रुई आणि माकुडी एकाच कुळातील असल्याने ते इकडेही वळतात. त्यांवर औषध फवारू नये. काडीने उचलून बांधावरच्या रुईवर सोडावेत. शेळ्या-कोंबड्यांपासून जपावे हे शेतकऱ्यास वेगळे सांगणे नको.

बियांसंबंधी थोडे

फाट्यापासून केलेली सर्व झाडे म्हणजे वस्तुतः एकच झाड असते. गावात पन्नास घरी ते लावले आणि सर्व फाटे एकाच मूळ झाडाचे असले, तर संख्या पन्नास दिसेल. वाण एकच राहील. त्यावर एखादा रोग आला तर पन्नासही जातील. ह्या कुळातील पुष्कळ वनस्पतींना स्वतःच्याच परागाने फळ धरत नाही, म्हणून बी हवे असल्यास वेगळ्या उगमाची दोन झाडे जवळजवळ असावी लागतात. फळ जोडशेंगेचे, शिंगांसारखे उभे असते. ते पिकून उकलले की रुईच्या बियांप्रमाणे रेशमी शेंड्या असलेल्या बिया वाऱ्यावर उडतात. म्हणून पिकत आलेल्या शेंगेस दोरा गुंडाळून ठेवावा. बी ताजेच पेरावे.

ह्यासाठी गावपातळीवरील कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. फाटा कोणासही देताना त्याबरोबर चिठ्ठी द्यावी : कोणाकडून आला, त्याच्याकडे कोठून आला, साल कोणते. ठाऊक नसेल तर "उगम अज्ञात" असे लिहावे. चिठ्ठीवाचूनचे झाड अंगणाची शोभा वाढवील, पण पुढे अभ्यासकांच्या उपयोगी पडणार नाही. तसेच घरी वाढविलेली झाडे हौसेने नेऊन किल्ल्यावर लावण्याचा कार्यक्रम कोणी काढल्यास त्यास नम्रपणे नकार द्यावा. सज्जनगडचे झाड शिवनेरीवर लावले तर दोन्ही ठिकाणचे मूळ वाण मिसळतील, आणि चाळीस माणसे कड्यावर चढली तर असलेली झाडेही तुडविली जातील. ते काम वनखात्याने वनस्पतिशास्त्रज्ञांच्या सल्ल्याने करावयाचे आहे.

आबांनी आपल्या मालकीच्या तालीवरचा एक फाटा मला दोन वर्षांपूर्वी दिला. चिठ्ठीवर मी "दरडीबरोबर आलेले, वडिलांनी लावलेले" एवढेच लिहू शकलो. माझ्याकडील आधीचे झाड एका महाविद्यालयाच्या बागेतील फाट्याचे आहे. दोन्ही कुंड्या गेल्या पावसाळ्यात शेजारी ठेवल्या होत्या. सप्टेंबरमध्ये दोहोंना एकाच आठवड्यात फुले आली, माश्याही आल्या. शेंग मात्र एकही धरली नाही. ह्या वर्षी आबांच्या झाडाला चौदा कळ्या आहेत.